मुंबईत एकच शनिवार: बांद्र्याच्या भिंती आणि काळा घोड्याच्या गॅलऱ्या, दोन्ही जमेल का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

लेक बारावीत आहे, पुढे चित्रकलेलाच जायचं हे तिने आठवीतच ठरवलं होतं आणि आता आम्हीही ठरवलंय (म्हणजे तिच्या बाबांनी शेवटी हात टेकले). तर सध्या भिंतीवरच्या चित्रांचं वेड लागलंय, म्युरल, ग्राफिटी, स्टेन्सिल हेच शब्द दिवसभर कानावर, फोनवर बांद्र्याच्या गल्ल्या बघत बसते आणि मला म्हणते आई हे सगळं पंचवटी एक्स्प्रेसने साडेतीन तासांवर आहे आणि आपण इथे बोटांनी मोठं करून बघतोय. आता यावर काय बोलणार. म्हणून एक शनिवार काढलाय. सकाळी नाशिकरोडहून पंचवटी, संध्याकाळी सीएसएमटीहून सव्वासहाची परत पंचवटीच, मुक्काम नाही.

तर विचारायचं असं की एका दिवसात बांद्रा आणि काळा घोडा-कुलाब्याच्या गॅलऱ्या दोन्ही होईल का, का उगाच धावपळ होऊन दोन्हीचा विचका होईल?

दुसरं, हसू नका, पण मला गॅलरीत शिरायचीच भीती वाटते. चार वर्षांपूर्वी लग्नाला मुंबईत आलो होतो तेव्हा वेळ होता म्हणून एका गॅलरीत गेलो, नाव नाही सांगत. आत एसीचा गारठा, पांढऱ्याफेक भिंती, टेबलामागे एक मुलगी, तिने वर बघितलं, आमच्या हातातल्या आहेराच्या पिशव्यांकडे बघितलं आणि परत लॅपटॉपमध्ये. चित्रांखाली नावंसुद्धा नाहीत, नुसते आकडे. दोन मिनिटांत बाहेर पडलो आणि जिना उतरताना लेक म्हणाली, आई इथे तिकीट होतं का, आपण न काढताच शिरलो का? ते अजून डोक्यातून जात नाही.

चालायची तयारी आहे, एक गुडघा कुरकुरतो तेवढं सोडून.

पाखाडीकर

ताई होईल, पण क्रम उलटा करा. पंचवटीने थेट सीएसएमटीला जाऊ नका, दादरला उतरा. तिथे पूल ओलांडून वेस्टर्नला या, बांद्र्याची स्लो पकडा, तिसरं स्टेशन, साडेदहा-पावणेअकराला तुम्ही बांद्रा वेस्टला. गॅलऱ्या तसंही बहुतेक अकराच्या आधी उघडत नाहीत. दीड वाजेपर्यंत बांद्रा आटपा, मग चर्चगेट लोकल, दुपार सगळी फोर्ट-कुलाब्यात, आणि सव्वासहाला सीएसएमटी तिथून चालत्या अंतरावर. उलटं केलंत तर संध्याकाळी हिल रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसून पंचवटी सुटताना मनातल्या मनात बघाल.

स्टेशनवरून रिक्षाने हिल रोड म्हणा, तिथून चॅपल रोडला आत वळा, पुढे वरोडा रोड, वेरोनिका स्ट्रीट, रणवार. हे सगळं जुनं गावठाण आहे, ईस्ट इंडियन लोकांची, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांची पाखाडी, लाकडी जिने बाहेरून, कौलं, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस, त्यातले बरेचसे १८९६ च्या प्लेगनंतरचे. मला विचाराल तर चित्रांपेक्षा तेच बघण्यासारखं आहे पण ते असो.

चॅपल रोडवर मोठी सिनेमावाली चित्रं रणजित दहिया यांची, मधुबाला वगैरे. माणूस हरियाणातल्या गावाकडचा, सुरुवात घरांना चुना मारण्यापासून केली, मग चंदीगडला आणि अहमदाबादला एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत शिकला, आणि २०१२ पासून बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट म्हणून बांद्र्याच्या भिंतींवर जुने नट रंगवायला लागला. लेकीला हे नक्की सांगा. आणि वेळ असेल तर रेक्लमेशनजवळ एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके, तेही त्यांचंच, २०१४ चं, स्टार्ट इंडिया या रस्त्यावरच्या चित्रांचं काम करणाऱ्या संस्थेच्या फेस्टिवलमधलं. अख्खी इमारत म्हणजे फाळके. आणि फाळके तुमचे त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे नाशिककर म्हणून हजेरी लावायलाच पाहिजे.

आता कान पकडून एक विनंती. तिथे लोक राहतात. शनिवारी सकाळी माणूस चड्डीत दूध घ्यायला बाहेर पडतो आणि समोर तीन पोरी त्याच्या दाराला टेकून पोज देत असतात. माझ्या मावशीच्या ओट्यावर बसून एकाने प्री-वेडिंग शूट केलंय, वर तिलाच म्हणाला आंटी थोडा साईड में. भिंत बघा, फोटो काढा, पण दार, खिडकी, ओटा, वाळत घातलेले कपडे यांना विचारल्याशिवाय नको.

तुळशीपाईप

पाखाडीकर +१. दादरहून बांद्र्याला जाताना उजव्या बाजूची खिडकी धरा, माहीम आलं की पूर्वेकडे स्टेशनलगतच्या इमारतींवर मोठी चित्रं दिसतील, तेही स्टार्टवाल्यांचंच काम. गाडी थांबते तेवढ्या वेळात जेवढं दिसेल तेवढं.

आणि डावीकडे भिंतीपलीकडे जो रस्ता आहे तो सेनापती बापट मार्ग ऊर्फ तुळशी पाईप रोड, त्यावरून माझं इथलं नाव. २००९ च्या ऑगस्टात वॉल प्रोजेक्टवाल्यांनी पालिकेची परवानगी काढून रेल्वेची ही लांबच्या लांब भिंत सगळ्यांना रंगवायला दिली होती. शेकडो लोक आले, मीही, कॉलेजात होतो. अट एवढीच की जाहिरात नको, राजकारण नको, धर्म नको. माझ्या वाट्याला आठ-दहा फूट आले, मी एक लोकल काढली आणि तिच्या प्रत्येक खिडकीत एकेक मासा. शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, त्यांनी नुसती तुळस काढली, वृंदावनासकट, आणि निघून गेले. पाऊस मध्येच यायचा, रंग गटारात वाहायचा, परत मारायचा.

माझे मासे दोन पावसाळे टिकले. तिसऱ्या वर्षी पोपडे धरले आणि एक दिवस बसमधून बघितलं तर त्यावर क्लासची जाहिरात. वाईट वाटलं? वाटलं ना. पण तेव्हापासून भिंतीवरचं चित्र आवडलं की त्याच दिवशी थांबून बघतो, उद्या बघू म्हणत नाही. तुम्ही जी यादी फोनवर घेऊन जाल त्यातली निम्मी चित्रं तिथे नसतील हे धरूनच जा. त्यांच्या जागी दुसरी असतील जी यादीत नाहीत.

चिंबोरी

सॅसून डॉक कोणीच कसं म्हणत नाही? अख्खं डॉक रंगवलंय! कोळणींचे मोठ्ठे फोटो लावलेत गोदामांवर. नक्की जा.

फ्रेमवाला

चिंबोरी, ते प्रदर्शन होतं हो, संपलं. पहिलं २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, दुसरं डिसेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३. तेव्हा गोदामाच्या खोल्याखोल्यांतून कामं मांडलेली, बाहेर कोळणी कोलंबी सोलतायत आणि आत कॉलेजची पोरं नाकाला रुमाल लावून रांगेत, असा सगळा सीन होता. एरवी ते काम करणारं बंदर आहे, १८७५ पासून चालू, फोटोला परवानगी लागते, आणि या ताईंच्या दिवसात ते बसणार पण नाही. भिंतींवर काही उरलंय पण तेवढ्यासाठी नको.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, गॅलरीची भीती. मी गेली बावीस वर्षं फोर्टात फ्रेमिंगचं काम करतोय, या सगळ्या गॅलऱ्यांत पाय पुसून आणि न पुसता दोन्ही प्रकारे गेलोय, त्यामुळे ऐका.

पहिलं, तिकीट नसतं. कुठल्याच खाजगी गॅलरीत नसतं. ते दुकान आहे पण ज्यांना विकत घ्यायचंय ते महिन्यात दोन-चारच येतात, बाकी सगळे बघायलाच येतात आणि कोणीतरी बघावं म्हणूनच ते मांडलेलं असतं. दुसरं, दार बंद दिसतं कारण एसी आहे, आणि बऱ्याच गॅलऱ्या जुन्या इमारतींत पहिल्या-तिसऱ्या मजल्यावर आहेत, खाली नुसती पितळी पाटी, वॉचमन स्टुलावर. त्याला फक्त "गॅलरी" म्हणा, तो लिफ्टकडे बोट करतो. बेल असेल तर वाजवा. ती बेल तुमच्यासाठीच आहे.

तिसरं, चित्राखाली नुसते आकडे का. नावाची पट्टी लावली की माणूस चित्र बघायच्या आधी पट्टी वाचतो म्हणून काही ठिकाणी लावत नाहीत, आकडा जुळवायचा कागद टेबलावर असतो. तो मागायचा. "लिस्ट मिळेल का" एवढंच. त्यावर चित्राचं नाव, कशावर काय वापरलंय, माप, वर्ष असतं. किमती वेगळ्या कागदावर असतात, विचारल्या तर बहुतेक सांगतात, चित्राशेजारी लाल टिकली असेल तर विकलं गेलंय. प्रिंट असेल तर कोपऱ्यात पेन्सिलने ३/१० असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे दहा काढल्या त्यातली ही तिसरी. लेकीला हे सगळं बघायला सांगा, कॉलेजात कोणी शिकवत नाही.

आणि ती लॅपटॉपवाली मुलगी. ताई, ती बहुतेक इंटर्न असते, तिलाच तिथे भीती वाटत असते, कोणी काही विचारलं आणि आलं नाही तर काय म्हणून ती वर बघत नाही. तुम्ही जाऊन विचारा "हे कोणाचं काम आहे, सांगाल का?" दहातल्या आठ वेळा ती खुर्ची सोडून उठते. उरलेल्या दोन वेळा खरंच आगाऊ असते, त्याला इलाज नाही, तिथून बाहेर पडायचं आणि पुढच्या गॅलरीत जायचं.

कुठे जायचं: फोर्टात जी. तळवटकर मार्गावर क्वीन्स मॅन्शन, तिसरा मजला, केमोल्ड प्रेस्कॉट रोड. गांधी कुटुंबाची ही गॅलरी १९६३ साली जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर सुरू झाली, २००७ पासून या जागेत आहे. केमोल्ड हे नाव कुठून आलं माहितीये? केमिकल मोल्डिंग. मुळात त्यांचा फ्रेमचा धंदा. आमच्या जातीचे लोक, म्हणून मला जरा जास्त माया. मग कुलाब्यात फायर ब्रिगेडजवळ प्रोजेक्ट ८८, तो जुना छापखाना होता, ऐसपैस जागा आहे, भीती वाटत असेल तर हीच आधी करा. ताजच्या मागे मेरवेदर रोडला झवेरी कंटेम्पररी आणि एक्सपेरिमेंटर, एकमेकांपासून दोन मिनिटांवर. चार झाल्या, बास. पाचवीला डोळे काम करत नाहीत, अनुभवाने सांगतो.

कुठे काय चालू आहे ते आदल्या दिवशी त्यांच्या इन्स्टावर बघून घ्या, कारण दोन प्रदर्शनांच्या मध्ये आठवडाभर गॅलरी बंद असते आणि आत माझ्यासारखे लोक शिडीवर चढून खिळे ठोकत असतात. शनिवार बरोबर निवडलाय, रविवारी गेला असता तर बऱ्याच बंद मिळाल्या असत्या.

खडू_आणि_डस्टर

फ्रेमवाले, लिहिलंय छान, पण जहांगीर कुठे गेलं? तिची गाडी जहांगीरपासूनच सुरू व्हायला हवी. मी सातारा जिल्ह्यात तीस वर्षं चित्रकला शिकवली आणि दर वर्षी एक गाडी भरून पोरं तिथे नेली. पॉश गॅलरीत चित्र असतं, चित्रकार नसतो. जहांगीरमध्ये चित्रकार स्वतः बसलेला असतो, खुर्ची टाकून, डबा शेजारी. कोल्हापूरचा असतो, सांगलीचा, अकोल्याचा असतो, हॉल मिळायला कित्येक वर्षं थांबलेला असतो आणि आता हातात मोजून आठवडा. त्याला जाऊन विचारा हा निळा कसा काढला, तो अर्धा तास सोडत नाही तुम्हाला! आणि मराठीत बोलतो. १९५२ पासून उभी आहे ही इमारत, सर कावसजी जहांगीरांनी गेलेल्या मुलाच्या नावाने बांधून दिलेली, आणि आजही आत जायला एक पैसा लागत नाही. बाहेर फुटपाथवर जी चित्रं मांडलेली असतात तीही बघा, तिथे समोर बसवून पोर्ट्रेट काढून देणारे असतात, त्यांचा हात बघण्यासारखा. पूर्वी आत समोवार नावाचं कॅफे होतं, १९६४ पासूनचं, चहा घेत तासभर बसता यायचं, ते २०१५ ला बंद झालं. आमच्या पिढीचं अर्धं जहांगीर तिथेच गेलं.

रस्त्याच्या पलीकडे एनजीएमए. कावसजी जहांगीर हॉल, १९११ चा, १९९६ पासून तिथे आधुनिक कलेचं संग्रहालय. नाममात्र तिकीट आहे. अर्धगोल जिन्याने मजले चढत चढत शेवटी घुमटाखाली पोचायचं, तुमच्या गुडघ्याला सांगून ठेवा. २०१९ च्या अखेरीस तिथे सुधीर पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. ठाण्याचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, दिवसभर एक्स-रे बघायचे आणि मग लोकलमधली माणसं, इराण्याकडे बसलेले कामगार, पोखरलेल्या टेकड्या रंगवायचे. माझ्याबरोबर आलेला माझा भाचा, चित्रकलेशी काडीचा संबंध नाही, ठाण्याच्या एका चित्रासमोर उभा राहून म्हणाला मामा हा पूल मला माहितीये. वीस मिनिटं हलला नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण "आम्हाला त्यातलं कळत नाही" हे जे सगळे म्हणतात ना, ते कळायला असा एखादा ओळखीचा पूल पुरतो.

आणखी एक, मुलीला सांगा १९४७ साली याच परिसरात प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा कलाकारांचा गट उभा राहिला त्यात सूझा, रझा, हुसेन, आरा यांच्याबरोबर दोन नावं गाडे आणि बाकरे अशी होती. हुसेन सगळ्यांना माहीत, गाडे-बाकरे विचारले की वर्ग शांत. बाकरे पुढे लंडनला गेले आणि शेवटी कोकणात येऊन राहिले.

कोराकागद

सगळे भिंतींचं इतकं कौतुक करताय, मला एक कळत नाही. चार भिंती रंगवायच्या, रंगाच्या कंपनीने डबे द्यायचे, फोटो व्हायरल, मग कॅफे येतो, मग भाडं वाढतं, मग ज्यांच्या भिंती होत्या तेच मीरा रोडला. हे सौंदर्यीकरण म्हणजे नक्की कोणाचं?

पाखाडीकर

कोराकागद, बोललात ते अर्धं खरं आहे. कॅफे आले, खरं. पण आमच्याकडची घरं चित्रामुळे गेली नाहीत, बिल्डरमुळे आणि भावाभावांच्या वाटण्यांमुळे गेली. पाच भाऊ, दोन कॅनडात, एक वसईला, घर एक, मग काय होणार. चॅपल रोडवरची कितीतरी चित्रं अशी गेलीत की चित्र पुसलं नाही, घरच पाडलं. एकदा मी बघितलंय, जेसीबीने भिंत ओढली तेव्हा नटीच्या चेहऱ्याचा डोळा आणि भुवई असलेला तुकडा अख्खा सुटून पडला आणि ट्रकवाल्याने तो आडवा टाकून त्यावर गोणी ठेवल्या. भिंत रंगवून गावठाण वाचत नाही हे कबूल. पण भिंत पांढरी ठेवूनही वाचलं नसतं.

गोदाकाठची

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! फ्रेमवाले दादा, लॅपटॉपवाली मुलगीच घाबरलेली असते हे वाचून मी आणि लेक दोघी हसलो, आता माझी भीती अर्धी गेली. सर, तुमचा निरोप पोचला, गाडे-बाकरे तिने शोधून वाचले.

एक उपप्रश्न. तिला आमच्या सोसायटीच्या कंपाउंडवर काढायचंय. सोसायटी हो म्हणतेय (फुकट आहे म्हणून). काही परवानगी लागते का, आणि रंग कुठला?

तुळशीपाईप

सोसायटीची स्वतःची भिंत आणि सोसायटीचं लेखी हो असेल तर प्रश्न नाही, कागदावर सही मात्र घ्या, कारण कमिटी बदलली की आठवण पण बदलते. सरकारी किंवा दुसऱ्याच्या भिंतीवर न विचारता काढलं तर १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे, चित्र कितीही सुंदर असलं तरी.

रंग: बाहेरच्या भिंतीचा इमल्शन, पोस्टर कलर अजिबात नको, पहिल्या पावसात आईच्या डोळ्यांतून आणि भिंतीवरून एकदमच वाहील. आधी भिंत तारेच्या ब्रशने घासा, पोपडे काढा, ओल असेल तर ती आधी मिटवा, मग प्रायमर, दोन दिवस सुकू द्या. मोठं करायचं असेल तर कागदावर चौकोन आखून तसेच भिंतीवर, आपले बॅनरवाले पेंटर करायचे तीच पद्धत. आता काही जण भिंतीवर आधी वेड्यावाकड्या खुणा, अक्षरं, गोल असं काहीही काढतात, त्याचा फोटो घेतात, फोनमध्ये त्यावर आपलं स्केच ठेवतात आणि ती ती खूण बघून रेषा मारतात. चौकोनांपेक्षा पटकन होतं. परांचीवर उभं राहून काम करणाऱ्याला चित्र दिसतच नाही, नाकासमोर नुसता रंगाचा डाग असतो, त्यामुळे दर अर्ध्या तासाने उतरून रस्त्यापलीकडून बघायचं. हे ती विसरेल, तुम्ही खालून ओरडा.

गोदाकाठची

जाऊन आलो! वृत्तांत देते, नाहीतर सर रागावतील.

दादरला उतरलो, माहीमला उजव्या खिडकीत दोघी नाक लावून, गाडी नेमकी पुढे सरकून थांबली आणि समोर दुसरी लोकल आली, त्यामुळे माहीममधलं आम्ही एक हात आणि अर्धं डोकं बघितलं.

बांद्रा. यादीतली अकरा होती, चार सापडली. बरोबर बोलला होतात. एका भिंतीवरच्या चेहऱ्याच्या गालावर एसीचा डबा बसवलाय आणि त्याचं पाणी गळून गळून हनुवटीपर्यंत हिरवट ओघळ आलाय, म्हणजे बाई जणू एका डोळ्याने कायमची रडतेय. मला वाटलं लेक हळहळेल, तर ती तिथेच खाली बसून वही काढून ओघळच काढायला लागली. चेहरा नाही, ओघळ. मी म्हटलं अगं पुढे जायचंय, तर म्हणे हे फोटोत नव्हतं.

रणवारला एका घराचं निळं दार, वर छोटा क्रूस, बाजूला कुंड्या. एक काकू बाहेर मासे निवडत बसलेल्या. पाखाडीकर दादांची सूचना लक्षात ठेवून मी विचारलं फोटो काढू का, तर "नको गो बाय, रोज कोन ना कोन येतंय" म्हणाल्या, पण मग कुठून आलात, एवढ्या लांबून भिंती बघायला, असं करत दहा मिनिटं बोलत बसल्या. त्यांची मराठी वेगळीच गोड आहे, अर्धी मला माझ्या अलिबागच्या आत्याची वाटली. समोरची भिंत दाखवून म्हणाल्या हितं पहिला कायच नव्हतं, मग वाघ होता, मग बाई होती, आता काय हाय ते मला कलत नाय. तिथे नुसते गोल आणि रेषा आहेत.

फाळक्यांना रिक्षातूनच नमस्कार केला, सिग्नलला थांबली तेवढाच.

चर्चगेटला बाहेर आलो तर स्टेशनच्या इमारतीवर एवढे मोठे गांधीजी, हे तुमच्यापैकी कोणीच सांगितलं नव्हतं! नंतर कळलं ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्राचं आहे. रंगीत त्रिकोण-चौकोन आणि त्यातून चेहरा. लोक खालून पळत होते, आम्ही दोघीच वर बघत उभ्या, दोनदा धक्का खाल्ला.

जहांगीरला सर म्हणाले तस्संच, जळगावचे एक गृहस्थ होते, केळीच्या बागांची चित्रं, त्यांनी लेकीची वही बघायला मागितली आणि सगळी पानं उलटून एका पानावर थांबून म्हणाले इथे तू घाई केलीस. तिला ते पटलं, मी सांगितलं असतं तर दार आपटलं असतं. एनजीएमएचा जिना गुडघ्याने दोन मजले सोसला, मग मी खाली बसले, ती घुमटापर्यंत जाऊन आली.

आणि गॅलऱ्या. चार ठरवलेल्या, तीन झाल्या. पहिल्या दारासमोर मी खरंच थांबले, बेलवर बोट ठेवून उभी. लेकीने माझं बोट दाबलं. आत एक मुलगा होता, मी लगेच पाठ केल्यासारखं "लिस्ट मिळेल का" म्हटलं तर त्याने लिस्ट दिली आणि पाणी हवंय का विचारलं. एवढंच. चार वर्षं मी या एवढ्याशाला घाबरत होते. तिथे भिंतीएवढा कोळशाने काढलेला कागद होता, जवळ गेलं की बोटांचे ठसे दिसत होते, कुठे कुठे खोडरबराने उजेड काढलेला. लेकीने विचारलं हे कोळसे पडत नाहीत का खाली, तर त्याने चक्क वाकून भिंतीच्या पायाशी पडलेली काळी बारीक भुकटी दाखवली आणि म्हणाला पडतात, रोज सकाळी मी झाडतो. मग त्याने तिला चंद्रपूरच्या प्रभाकर पाचपुत्यांचं नाव लिहून दिलं, कोळसा खाणीत काम केलेल्यांच्या घरातले, कोळशानेच चित्रं काढतात आणि जगभर दाखवतात. पंचवटीत बसल्यावर तिने बाबांना पहिला फोन करून हेच सांगितलं.

दुसऱ्या गॅलरीत मात्र सर, मला काही म्हणजे काही कळलं नाही. खोलीत सतरा पंखे होते. चालू.

फ्रेमवाला

पंखे मलाही कळत नाहीत ताई, मी फक्त वायरिंग लपवतो. बेल वाजवलीत ना, झालं.

खडू_आणि_डस्टर

जळगावच्या गृहस्थांना माझा नमस्कार. घाई केलीस हे वाक्य मी तीस वर्षं म्हणत होतो, कोणी ऐकलं नाही.

चिंबोरी

ताई त्या निळ्या दाराचा फोटो टाका ना, वर्णन वाचून बघावंसं वाटतंय.

गोदाकाठची

काढलाच नाही हो, काकू नको म्हणाल्या होत्या. लेकीने गाडीत कसाऱ्यापर्यंत आठवून आठवून दार काढलंय, कुंड्या, क्रूस, माशाचं ताट सगळं. पण काकूंचा हात चुकलाय म्हणते आणि वही मला देत नाहीये.